चीवराचा रंग : वत्सगुल्म ते अजिंठा

हळद, करडई आणि पळस. वाशीम भागात रंगाची ही तीन नावे लहान पोरालाही ठाऊक असतात. हळदीने हात पिवळे होतात, करडईच्या पाकळ्यांतून कुसुंबी उतरतो आणि फाल्गुनात रानातला पळस असा पेटतो की होळीचा रंग त्याच्याच फुलांतून उकळून काढावा. पाचव्या शतकात श्रीलंकेत बसून विनयपिटकावर, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथावर, भाष्य लिहिणाऱ्या आचार्य बुद्धघोषांनी भिक्षूचे वस्त्र रंगवताना या तिन्ही गोष्टी वर्ज्य सांगितल्या. मुळांपैकी हळद नको, फुलांपैकी पळस आणि करडई नको.

त्याच शतकात आजचे वाशीम, म्हणजे तेव्हाचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होते. तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांवर, वाघूर नदीच्या घोड्याच्या नालासारख्या वळणावर, अजिंठ्याच्या लेण्यांत, त्या राज्याच्या पैशाने आणि त्या राज्याच्या शांततेत चितारी कामाला लागले होते. भिंतीवर राजे होते, हत्ती होते, नर्तकी होत्या. आणि जागोजागी भिक्षू होते, ज्यांच्या अंगावर एकच साधे वस्त्र. त्या वस्त्राचा रंग चिताऱ्याने कसा ठरवला, कशातून काढला आणि आज तो आपल्याला तसाच दिसतो का, याची ही हकिकत आहे. ती सांगावीशी वाटते, कारण भिक्षूचा रंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच झगझगीत केशरी येतो, आणि अजिंठ्याच्या भिंती काही वेगळेच दाखवतात.

वत्सगुल्माचे नाव आज वाशीमकरांच्या तोंडी आहे ते वत्स ऋषींच्या कथेमुळे आणि पद्मतीर्थाच्या माहात्म्यामुळे. राजधानी म्हणून या गावाचा ठसठशीत पुरावा फार उशिरा हाती आला. १९३९ मध्ये वाशीमला विंध्यशक्ती दुसरा याचे ताम्रपट मिळाले. ते त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले दानपत्र आहे. राजवंशाचा भाग संस्कृतात आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात, अशी त्याची भाषा. म्हणजे राजाचा मोठेपणा सांगायला एक बोली आणि जमिनीच्या सीमा सांगायला लोकांची बोली. त्या पत्र्यांमुळे वाकाटकांची एक पूर्ण शाखा इतिहासात स्थिर झाली. प्रवरसेन पहिला याच्यानंतर राज्य विभागले गेले. एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनाला राहिली, आणि दुसरी सर्वसेनाने वत्सगुल्माला मांडली. हा सर्वसेन स्वतः कवी होता. त्याने 'हरिविजय' नावाचे प्राकृत काव्य रचले आणि पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी ते आदराने उल्लेखिले. पुढे दहाव्या शतकात राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्मातच लावून दिले. ज्या गावाची कीर्ती अशी असते, तिथले दरबारी लोक रंग आणि रेषेच्या बाबतीत आंधळे नसणार.

या शाखेचा देवसेन हा सुखासीन राजा. वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा इथे शके ३८० चा, म्हणजे इ.स. ४५८ चा शिलालेख मिळाला आहे. देवसेनाच्या एका अधिकाऱ्याने सुदर्शन नावाचा तलाव बांधला, त्याची ती नोंद. वाकाटकांच्या लेखांत बहुधा राज्यवर्षच असते, शकवर्ष सहसा नसते, म्हणून हा दगड फार मोलाचा आहे. देवसेनाने कारभार हस्तिभोज नावाच्या मंत्र्यावर सोपवला होता. देवसेनाचा मुलगा हरिषेण, आणि हस्तिभोजाचा मुलगा वराहदेव. ही मुलांची जोडी अजिंठ्याच्या कथेतली मुख्य जोडी. हरिषेणाच्या राज्यात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, लाट, आंध्र अशा दूरदूरच्या प्रदेशांवर वत्सगुल्माचा दरारा होता, असे लेणे १६ चा लेख सांगतो. तो लेख वराहदेवाचा आहे. लेणेही त्यानेच कोरवून भिक्षुसंघाला दिले.

इथे क्षणभर थांबायला हवे. राजे वैदिक यज्ञ करणारे, दाने ब्राह्मणांना देणारे. वराहदेवाचे घराणेही ब्राह्मण, वल्लूरचे. जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्यात त्याची वंशावळ कोरलेली आहे. तरी त्याने डोंगर फोडून बौद्ध भिक्षूंसाठी विहार केला आणि त्यात रंगवलेल्या चित्रांचा आपल्या लेखात अभिमानाने उल्लेख केला. आपल्याकडे एकाने दुसऱ्याच्या धर्माला असे हात दिल्याचे दाखले सांगायची सवय आहे, पण तो नुसता दिलदारपणा नव्हता. अजिंठा पैठणकडून उत्तरेला जाणाऱ्या व्यापारी वाटेजवळ होता. विहार म्हणजे पुण्य, प्रतिष्ठा आणि रस्त्यावरचा मुक्काम, तिन्ही एकत्र. हरिषेणाच्या मांडलिकांपैकी एकाने लेणे १७ कोरवले. अश्मकाच्या राजाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने लेणे २६ केले. इ.स. ४६० ते ४८० च्या आसपासची ही वीस वर्षे. कोणते लेणे कोणत्या वर्षी सुरू झाले हा अभ्यासकांचा वाद त्यांच्याकडेच ठेवू.

आता भिक्षूच्या वस्त्राकडे वळू.

त्याला म्हणतात काषाय, आणि हा शब्द कषाय या शब्दातून आला. कषाय म्हणजे तुरट, आणि तुरट चवीचा काढा. म्हणजे हा मुळात रंगाचा शब्दच नव्हे, रंगवण्याच्या रीतीचा आहे. साली, मुळे, लाकूड उकळून जो काढा निघतो त्यात बुडवलेले ते काषाय वस्त्र. विनयपिटकाच्या महावग्गात ही हकिकत बारकाईने दिली आहे. सुरुवातीला भिक्षू शेणाने आणि पिवळसर मातीने आपले वस्त्र, म्हणजे चीवर, रंगवत. रंग बेढब यायचा. तेव्हा बुद्धांनी सहा प्रकारच्या रंगांना परवानगी दिली : मुळांचा, लाकडाचा, सालीचा, पानांचा, फुलांचा आणि फळांचा. रंग कच्चा राहिला तर वास मारतो म्हणून उकळायचे भांडे आले. उकळून झाला की नाही हे कळावे म्हणून थेंब पाण्यात किंवा नखावर टाकून पाहायचे. आमच्याकडे पाक एकतारी झाला का ते बोटावर पाहतात, तसेच. आणि मग मनाई : सबंध निळे, सबंध पिवळे, सबंध लाल, मंजिष्ठेचे, काळे, नारिंगी असे चीवर घालायचे नाही. कारण असे रंग गृहस्थ घालत, सुखात लोळणारे लोक घालत.

हळद, पळस आणि करडईवरच्या बंदीचे कारण इथे दिसते. ज्या रंगाकडे बाजारात आधी नजर जाते तो रंग भिक्षूला नको. त्याच्या वाट्याला येतो तो बाभळीच्या सालीचा किंवा खैराच्या लाकडाचा जो तांबूस-तपकिरी उतरतो, त्या जातीचा मंद रंग. साल कोणत्या झाडाची, पाणी कसले, कितीदा बुडवले, ऊन किती लागले यावर दर वेळी छटा बदलणार. एकाच विहारातल्या दहा भिक्षूंची चीवरे दहा छटांची असणार. वस्त्र नवे असेल तर गडद, धुऊन धुऊन विरले की फिकट.

आणि वस्त्र अखंडही नसायचे. मगधातल्या भाताच्या शेतांकडे बोट दाखवून बुद्धांनी आनंदाला विचारले, अशी चीवरे करता येतील का? आनंदाने केली. कापड तुकडे करून असे शिवायचे की वाफे आणि त्यांच्यामधले बांध दिसावेत. त्या शिवणीच्या पट्टीला पालीत 'कुसि' म्हणतात. तुकड्यांच्या कापडाला विकत घेणारा मिळत नाही, चोरालाही त्याचा मोह पडत नाही. शिवाय नवे चीवर अंगावर घेण्यापूर्वी त्याच्या कोपऱ्यावर निळसर, चिखलाचा किंवा गडद तपकिरी ठिपका करायचा. मोराच्या डोळ्यापेक्षा मोठा नको आणि ढेकणाच्या पाठीपेक्षा लहान नको, असे भाष्यात माप दिले आहे. नव्या कोऱ्या वस्त्राचा अभिमान तेवढ्या एका ठिपक्याने मोडायचा.

अजिंठ्याच्या भिक्षूंचे पंथ वेगवेगळे होते आणि पाली परंपरेचा प्रत्येक शब्द त्यांच्यावर बांधील होता असे मानू नये. पण तीन चीवरे, शिवलेले तुकडे आणि मळकट केलेला रंग ही चौकट सगळ्या पंथांत सारखी होती. पंथापंथांत रंगाचा फरक मात्र होता. सातव्या शतकात भारत फिरलेल्या ह्युएन त्संगाने लिहून ठेवले आहे की भिक्षूंच्या वस्त्रांचा रंग पंथानुसार कुठे पिवळा तर कुठे लाल असतो. हाच ह्युएन त्संग महाराष्ट्रातल्या एका डोंगरी विहाराचे वर्णन करतो, जो बहुतेकांच्या मते अजिंठाच. त्या विहाराच्या भिंतींवर बुद्धांच्या पूर्वजन्मांची चित्रे असल्याचे तो सांगतो.

चिताऱ्यापुढे असा प्रश्न होता. रंगशाळेत त्याच्याकडे झाडाची साल नव्हती, होती माती आणि दगड. ज्यात खरे चीवर भिजे तो काढा भिंतीवर टिकणार नव्हता.

अजिंठ्याच्या भिंतीची कृती आज पुष्कळ नीट कळली आहे. कातळाचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत ठेवायचा. त्यावर माती, दगडाची भुकटी, भाताचे तूस आणि गवताचे तंतू मळून गिलावा चढवायचा. वरून पांढऱ्याचा पातळ थर. त्यावर गेरूने बाह्यरेषा, मग चिकट बंधकात कालवलेले रंग, आणि शेवटी गडद रेषेने नाक, डोळे, बोटे, वस्त्राच्या चुण्या पक्क्या. ओल्या चुन्यावर रंगवण्याची पाश्चात्त्य रीत इथे नाही, हे काम कोरड्या भिंतीवरचे. पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ राजदेव सिंह आणि वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की वेरूळच्या गिलाव्यात अंबाडीसारख्या तंतूंच्या भांगेचा वापर आहे आणि तिथे किडीने फारसे नुकसान केलेले नाही. अजिंठ्यात भांग नाही, म्हणून तिथला गिलावा किड्यांनी अधिक खाल्ला. एका झाडाच्या फरकाने चित्रांचे नशीब बदलते.

रंग मोजकेच. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, हिरव्यासाठी बेसाल्टच्या पोकळ्यांतून मिळणारी हिरवी माती, काळ्यासाठी काजळी, पांढऱ्यासाठी चुना, शाडूसारखी पांढरी माती, जिप्सम. हे सगळे दख्खनच्या खडकाचे घरचे धन. परक्या मुलुखातून आलेला एकच रंग होता, लाजवर्दाचा निळा. हा दगड आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. सातवाहन काळातल्या जुन्या चित्रांत, म्हणजे लेणे ९ आणि १० च्या पहिल्या थरात, तो नाही. हरिषेणाच्या काळात तो आला. वत्सगुल्माच्या राज्याची वाट किती दूर पोचली होती हे या निळ्या भुकटीवरून कळते. लेणे १ च्या छतावर परदेशी वेषातली मंडळी रंगवली आहेत, तिथे हा निळा उठून दिसतो.

ज्याला विनयात सबंध निळे म्हणून मनाई होती, तो त्या काळचा सगळ्यात महाग रंग ठरला. आणि भिक्षूचे चीवर ज्यातून उतरले ते गेरू आणि पिवळी माती सगळ्यात स्वस्त. खलबत्त्यात गेरू बारीक केला, त्यात थोडी काजळी घातली की जुन्या चीवराचा तपकिरी रंग येतो. पिवळी माती वाढवली की फिकट, उन्हाने विरलेले चीवर. पांढरा मिसळला की धुऊन पार उतरलेले. मला यात फार मोठे औचित्य दिसते. सुरुवातीच्या भिक्षूंनी मातीने चीवर रंगवून पाहिले आणि ते बेढब म्हणून सोडले. हजार वर्षांनी चिताऱ्याने पुन्हा मातीनेच ते रंगवले आणि ते रूप टिकले.

पण चितारी नियमांची पोथी समोर ठेवून बसला नव्हता. भिंतीवर कोणती आकृती कुठे उठून दिसेल, ही त्याची चिंता. लेणे २ च्या अंतराळात, म्हणजे गर्भगृहापुढच्या दालनात, श्रावस्तीच्या चमत्काराचे चित्र आहे. एका बुद्धातून अनेक बुद्ध प्रकट झाले, भिंतभर रांगाच रांगा. सगळ्यांना एकच रंग दिला असता तर भिंतीवर नुसता तांबूस डाग उरला असता. म्हणून एकाचे चीवर पांढरे, शेजारच्याचे तपकिरी, त्याच्या पुढच्याचे हिरवट. डोळा एकावरून दुसऱ्यावर सरकतो आणि गर्दीतही प्रत्येक बुद्ध वेगळा राहतो. लेणे १७ च्या दारावर मानुषी, म्हणजे माणसांत जन्मलेल्या, बुद्धांची रांग आहे, शेवटी येणारा मैत्रेय. तिथेही अंगकांतीच्या आणि वस्त्रांच्या छटा बदलत्या आहेत. छतावरच्या फुलांच्या चौकोनांत रंग आलटून पालटून भरायचे ही चिताऱ्याची जुनी सवय, तीच त्याने इथे वापरली. पांढरे चीवर विनयात कुठे बसते हे त्याला विचारायला जाऊ नये. गृहस्थ उपासकाला पालीत 'ओदातवसन', म्हणजे पांढरे वस्त्र नेसणारा म्हणत, आणि भिक्षू त्याच्यापासून वेगळा दिसावा म्हणूनच तर काषाय. भिंतीवर मात्र बुद्धांना पांढरे चालले, कारण त्या चित्रात त्यांना गृहस्थ समजण्याची भीती कुणालाच नव्हती.

दुसरी अडचण अधिक नाजूक होती. बुद्ध आणि भिक्षू यांचे वस्त्र एकच. मग चित्रात बुद्ध ओळखायचे कसे? खऱ्या आयुष्यातही हा घोटाळा झाला होता. बुद्धांचा सावत्र भाऊ नंद त्यांच्याहून चारच बोटे उंचीने कमी होता आणि बुद्धांच्याच मापाचे चीवर घालायचा. तो लांबून येताना दिसला की भिक्षू बुद्ध समजून आसनावरून उठायचे. त्यावरून नियमच झाला की भिक्षूचे चीवर बुद्धांच्या चीवराच्या मापाचे असू नये. चिताऱ्याने हा प्रश्न रंगाने सोडवला नाही, आकाराने सोडवला. लेणे १७ च्या अंतराळात गर्भगृहाच्या बाहेर यशोधरा आणि राहुल बुद्धांसमोर उभे आहेत. बुद्ध भिंतीच्या उंचीचे, माय-लेकरू त्यांच्या गुडघ्यांजवळ. त्या प्रचंड आकृतीवरचे वस्त्र मातकट, पिवळसर-तपकिरी, त्यावर नक्षी नाही, काठ नाही. खाली यशोधरेच्या अंगावर मोती, बांगड्या, कमरपट्टा. ज्या राजपुत्राने हे सगळे एकेकाळी घातले होते तो आता हातात भिक्षापात्र घेऊन उभा आहे आणि मुलगा वारसा मागतो आहे. चित्रात शब्द नाहीत, पण वस्त्राच्या साधेपणातून ते सगळे कळते.

अजिंठ्यात कापडाची श्रीमंती अफाट आहे. पट्ट्यापट्ट्यांची लुगडी, हंसांची नक्षी विणलेली वस्त्रे, झिरझिरीत ओढण्या, परदेशी टोप्या आणि अंगरखे. जुन्या वस्त्रांचा इतिहास लिहिणारे या भिंतींकडे कापडाच्या दुकानासारखे पाहतात. या भरजरी गर्दीत चिताऱ्याने भिक्षूसाठी एक कोरी जागा राखली. डोळा नक्षीवरून नक्षीवर धावून दमतो आणि त्या सपाट मातीच्या रंगावर टेकतो. मला तरी चीवराचा रंग भिंतीवर विश्रांतीसारखा वाटतो.

हे सगळे अचानक थांबले. हरिषेण वारला आणि वत्सगुल्माचे राज्य काही वर्षांतच कोसळले. सहाव्या-सातव्या शतकातल्या दंडीच्या 'दशकुमारचरिता'त विदर्भाच्या एका राज्याच्या नाशाची कथा आहे. तरुण राजा वाईट संगतीला लागतो, अश्मकाचा राजा कपटाने त्याला घेरतो, मांडलिक फुटतात. वा. वि. मिराशी यांनी या कथेत वत्सगुल्माच्या अखेरच्या दिवसांची आठवण वाचली, आणि पुढे अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनी त्यावर बरेच काही उभारले. कथा ती कथाच, पण अजिंठ्याच्या भिंती तिला पुष्टी देतात. लेणी अर्धवट राहिली. छिन्नीचे घाव जिथे थांबले तिथेच आहेत.

राजाश्रय गेला, भिक्षू लगेच गेले नाहीत. मोठा दाता उरला नाही, तेव्हा लहान दात्यांनी जागा मिळेल तिथे बुद्ध रंगवून घेतले. जुन्या लेणे ९ आणि १० च्या खांबांवर, भिंतींच्या मोकळ्या तुकड्यांवर, कुणाच्या तरी योजनेबाहेर. खाली रंगाने दात्याचे नाव, पुष्कळदा तो दाता स्वतः भिक्षूच, आणि आईवडिलांना व सर्व जीवांना पुण्य लाभो अशा आशयाचा मजकूर. या उभ्या-बसलेल्या बुद्धांत चीवराच्या छटा किती तरी आहेत. मोठ्या कथा नाहीत, राजवाडे नाहीत, एक वस्त्र आणि एक चेहरा. ज्यांनी रोज तेच वस्त्र घातले त्यांनीच दिलेली ही चित्रे आहेत. म्हणून चीवराच्या बाबतीत माझा सर्वाधिक भरवसा या खांबांवर आहे.

मग शतकानुशतके वटवाघळे, पाऊस, साधूंच्या धुण्यांचा धूर. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास फौजेचा अधिकारी जॉन स्मिथ शिकारीला आला आणि लेणे १० मध्ये शिरला. खांबावरच्या एका आकृतीवर त्याने आपले नाव आणि तारीख खरडली, ती अजून वाचता येते. १८४४ पासून रॉबर्ट गिलने कित्येक वर्षे इथे राहून तैलरंगात प्रतिकृती केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या, आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. पेस्तनजी बमनजी यांच्यासारखे तरुण त्या चमूत होते. १८८५ पर्यंत काम चालले. त्या प्रतिकृतींपैकीही पुष्कळ लंडनच्या साउथ केन्सिंग्टनला आगीत गेल्या. दोनदा जळाले, आणि दोन्ही वेळा इथून दूर नेलेले.

रंगाचे खरे नुकसान मात्र आगीने केले नाही, काळजीने केले. ग्रिफिथ्सच्या काळात चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्यांच्यावर वॉर्निश फिरवले गेले. १९२० ते १९२२ मध्ये निजामाच्या पुरातत्त्व खात्याने लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटे झालेले गिलाव्याचे पोपडे पक्के केले, हे उपकार फार मोठे. पण वर चढवलेला लाखेचा थर वर्षांमागून वर्षे पिवळा पडत गेला, त्यावर धूळ आणि काजळी बसली. परिणाम असा की पांढरे चीवर पिवळट दिसू लागले, फिकट तपकिरी गडद झाले, हिरवट मळकट झाले. सगळ्या छटा एका सोनेरी-तपकिरी धुक्यात बुडाल्या. पुस्तकांतल्या, दिनदर्शिकांतल्या, भेटकार्डांवरच्या अजिंठ्याचा जो मधाळ रंग आपण डोळ्यांत साठवला त्यात या लाखेचा वाटा आहे. गुलाम याझदानी यांच्या अजिंठ्यावरच्या खंडांतल्या छायाचित्रांनी हा रंग जगभर नेला. भगवा रंग असाच असतो असे मानून आपण तो भिक्षूंवर चढवला, आणि मूळच्या अनेक छटांचा तंटा आपोआप मिटला.

१९५३ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अजिंठा आपल्याकडे घेतला. गेल्या दोन-तीन दशकांत राजदेव सिंह यांच्या नेतृत्वाखाली तो पिवळा थर आणि काजळी हळूहळू, इंच इंच करून उतरवली गेली. लेणे १० मध्ये दोन हजार वर्षांपूर्वीची सातवाहनकालीन चित्रेही अशीच उजेडात आली. जिथे लाख निघाली तिथे पांढरा पुन्हा पांढरा झाला. हे काम पाहणाऱ्याला प्रदर्शनासारखे काही दिसत नाही. कापसाचा बोळा, द्रावण आणि दिवसभरात तळहाताएवढी जागा.

मधल्या काळात या मुलुखात रंगाचे दुसरेही पर्व घडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसह लाखो लोक बौद्ध झाले, आणि लोक पांढरे कपडे घालून आले. तो उपासकाचा ओदात रंग होता. वऱ्हाडातल्या कितीतरी गावांतून, वाशीमच्या परिसरातूनही, लोक त्या मेळाव्याला गेले. १ जुलै १९९८ ला वाशीम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला, तोवर तिथल्या वस्त्यावस्त्यांत विहार उभे राहिले होते. आश्विनात वर्षावास संपला की तिथे चीवरदान होते. पांढऱ्या वस्त्रातली माणसे काषाय वस्त्र हातांवर घेऊन भिक्षूंपुढे उभी राहतात.

वाशीमचा माणूस मेहकर, चिखली, बुलढाणा करत अजिंठ्याला पोचला तर त्याने आधी लेणे १६ कडे जावे. व्हरांड्याबाहेर डाव्या भिंतीवर वराहदेवाचा लेख आहे. पावसाने अक्षरे बरीच खाल्ली, तरी त्या ओळींत वाकाटक राजांची नावे पहिल्या विंध्यशक्तीपासून वाशीमहून राज्य केलेल्या हरिषेणापर्यंत क्रमाने आहेत. आत डाव्या भिंतीवर नंदाची कथा. लग्नाच्या दिवशी बुद्धांच्या मागे भिक्षापात्र घेऊन गेलेला नंद परतला नाही, त्याचे मुंडण झाले, त्याच्या अंगावर चीवर चढले. राजवाड्यात त्याची वधू सुंदरी सख्यांच्या आधाराने कलली आहे, लोक या चित्राला मरणासन्न राजकन्या म्हणतात. तिच्याकडे सेवक नंदाचा मुकुट घेऊन आला आहे. मुकुट रिकामा आहे.

डोळा त्या मुकुटावरून उठून भिंतीवर नंदाला शोधतो. तो सापडतो मातीच्या रंगात, सालीच्या काढ्याने रंगवल्यासारख्या त्या वस्त्रात, ज्याचे माप पुढे त्याच्यावरूनच ठरले.